ब्राउझर कोणता, हा दुसरा प्रश्न

खासगीपणा जपायचा तर कोणता ब्राउझर वापरावा, यावर मराठीतही आता बरेच लिहिले जाते. त्या लेखनाने एक वाचक मनाशी धरलेला असतो. त्याचा स्वतःचा लॅपटॉप असतो, घरात वायफाय असते, फोनला हात लावणारा तो एकटाच असतो आणि त्याला काळजी असते ती अमेरिकेतल्या जाहिरात कंपनीची. असा वाचक कोथरूड-बाणेरला हवा तितका मिळेल. कापूरहोळला महामार्ग सोडून भोरकडे वळले, किंवा नसरापूरवरून वेल्ह्याची वाट धरली, की तो विरळ होत जातो. इथे एकच फोन घरातल्या तिघाचौघांच्या हातांतून फिरतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती ही कामे सेवा केंद्रावर, दुसऱ्याच्या संगणकावर होतात. पानशेत-वरसगावच्या वरच्या खोऱ्यांत किंवा वरंध घाटाच्या अंगाला रेंज मिळेल तिथे आणि मिळेल तेव्हा काम उरकावे लागते. ही पुस्तिका त्या वाचकासाठी आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, बोलण्यात अजून वेल्हेच आहे, म्हणून इथेही तेच ठेवले.) पुढच्या पानांत क्रोम, फायरफॉक्स, ब्रेव्ह यांची ओळख आहे, कोणती सेटिंग कुठे सापडते तेही आहे. पण ब्राउझर कोणता, हा माझ्या मते दुसरा प्रश्न. कोणापासून काय राखायचे आहे, हा पहिला. त्याचे उत्तर भोर-वेल्ह्यात शहरापेक्षा वेगळे येते, आणि म्हणून निवडही वेगळी करावी लागते, एवढेच या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

ब्राउझरला आपल्याबद्दल काय कळते, ते आधी पाहू. आपण टाकलेला प्रत्येक पत्ता, शोधलेला प्रत्येक शब्द, अर्ध्यावर सोडलेला प्रत्येक फॉर्म त्याच्या हातून जातो. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या अभियंत्याने कुकी काढली ती साध्या गरजेपोटी: पहिल्या पानावर आलेले गिऱ्हाईक दुसऱ्या पानावरही ओळखता यावे. संकेतस्थळाने आपल्याच ब्राउझरच्या खिशात ठेवलेली ही चिठ्ठी. पुढे जाहिरात कंपन्यांच्या ध्यानात आले की आपला एक तुकडा हजारो संकेतस्थळांवर बसवला, तर ही एकच चिठ्ठी सगळीकडे वाचता येते. मग कोण कुठून कुठे गेला याचा माग लागतो. उदाहरण इथलेच घेऊ. पुण्याच्या रिंगरोडची पश्चिमेकडची आखणी मावळातल्या उर्से गावापासून भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकपर्यंत येते. जमीन जाणार असलेला शेतकरी मोबदल्याची बातमी वाचतो, नंतर एखाद्या जमीन-खरेदीच्या संकेतस्थळावर भाव पाहतो, मग ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता काढून बघतो. तिन्ही पाने वेगवेगळ्या मालकांची. पण तिन्हींवर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा असला, तर या माणसाच्या हाती लवकरच पैसा येणार आहे हा अंदाज तिला बांधता येतो; असे अंदाज बांधून विकणे हाच तर तिचा धंदा. इथे कोणी म्हणेल, जमिनीची माहिती तशीही उघडीच आहे. खरे आहे. महाभूलेखवर गट नंबर टाकला की कोणाचाही सातबारा कोणालाही दिसतो. पण मालकाला विकायची घाई आहे का, तो किती भावाला तयार होईल, घरात कोणते कर्ज थकले आहे, हे सातबाऱ्यावर नसते. ते शोधपेटीत उमटते.

तरीही भोर-वेल्ह्यातल्या माणसाची माहिती बाहेर जाण्याची सगळ्यात जवळची वाट कॅलिफोर्नियात शोधायला नको. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे या विषयातले बरेचसे लेखन झाले आहे. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा राज्यभर सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. त्या गर्दीत आधार, बँकेचे पासबुक, रेशनकार्ड, फोटो हे सारे एकामागून एक केंद्राच्या संगणकावर उतरले, आणि त्यातले पुष्कळसे तिथेच राहिले असणार. अशा संगणकाचा डाउनलोड फोल्डर उघडला की 'ईआधार' या शब्दाने सुरू होणाऱ्या फायलींची रांग दिसते. या फायलींना पासवर्ड असतो, पण तो काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे साल. शहरातल्या अनोळखी माणसाला हे कुलूप थोडे तरी अडवील. गावात नाव आणि वय कोणापासून लपलेले नसते. तसाच प्रकार फॉर्मचा. मोबाइल नंबरच्या रकान्यात पहिले दोन आकडे दाबले की ब्राउझर मदत म्हणून खाली यादी उघडतो, आणि त्या यादीत सकाळपासून येऊन गेलेल्या प्रत्येकाचा नंबर असतो. पत्त्याच्या रकान्यात पत्ते, ईमेलच्या रकान्यात ईमेल. यात केंद्रचालकाचा लबाडपणा धरायचे कारण नाही. तोच माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दाखल्याला येतो, तेव्हा फाईल हाताशी असलेली त्यालाही सोयीची आणि चालकालाही. पण ब्राउझरने 'पासवर्ड जतन करू का' असे विचारले आणि घाईत 'हो' दाबले गेले, की गिऱ्हाइकाचे महाडीबीटीचे खाते त्या संगणकाचे होऊन बसते.

हा धोका सरकारला ठाऊक नव्हता असे नाही. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती. आधारची प्रत कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दाखवणारी झाकलेली प्रत वापरा, सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवणे टाळा आणि उतरवलेच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असे तिच्यात होते. दोनच दिवसांनी, लोकांचा गैरसमज होईल म्हणून, ती मागे घेतली गेली. सूचना गेली, पण तिच्यातला संगणकाविषयीचा सल्ला आजही तितकाच बरोबर आहे. या जागी फायरफॉक्स चांगला की क्रोम, हा वाद फोल ठरतो. दोन्हींत पाहुण्यासाठी किंवा खासगी कामासाठी वेगळी खिडकी उघडता येते, आणि ती बंद केल्यावर इतिहास, भरलेले रकाने, लॉग-इन हे सगळे जाते. जात नाही ती उतरवलेली फाईल. ती हाताने पुसावी लागते, आणि रीसायकल बिनमधूनही.

दुसरे जवळचे ठिकाण घर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019 ते 21 या काळात, देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता; इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के होत्या. त्यानंतर हे आकडे वाढले असणार, पण फोन सामाईक असण्याची रीत काही एका दमात संपत नाही. सामाईक फोनवर गूगलचे खाते बहुधा घरातल्या मुलाचे असते. आईने किंवा वहिनीने वडिलांच्या जमिनीतल्या मुलीच्या हिश्श्याबद्दल शोधले, गर्भपाताच्या कायद्याबद्दल वाचले, किंवा मारहाण होत असेल तर तक्रार कुठे करायची हे पाहिले, तर ते त्या खात्याच्या नोंदीत जाऊन बसते आणि मुलाच्या दुसऱ्या फोनवरही दिसू शकते. शहरी तज्ज्ञ इन्कॉग्निटो खिडकीला, म्हणजे क्रोममधल्या त्याच खासगी खिडकीला, हसतात, आणि कंपन्यांपासून लपण्यापुरते त्यांचे हसणे रास्त आहे. अमेरिकेत 2020 मध्ये याच खिडकीवरून गूगलवर दावा झाला. इन्कॉग्निटोतही माग काढला जातो, अशी तक्रार होती. 2024 मध्ये तडजोड झाली, अब्जावधी नोंदी पुसायचे गूगलने कबूल केले आणि खिडकीवरची सूचना अधिक स्पष्ट केली. पण ज्या बाईला आपला शोध दिरापासून राखायचा आहे, तिचे काम ही खिडकी चोख करते. मुळात ती एकाच यंत्रावरच्या माणसांना एकमेकांपासून थोडी आडोशाची जागा देण्यासाठीच बनली होती. याहून बरे म्हणजे कोणत्याही खात्याशी न जोडलेला वेगळा ब्राउझर. फायरफॉक्स फोकस किंवा डकडकगो यांत एक बटण दाबले की मागचे सगळे जाते. अर्थात नवे चिन्ह फोनवर दिसले तरी प्रश्न विचारणारी घरे आहेत. तिथे क्रोमचीच इन्कॉग्निटो खिडकी शहाणपणाची ठरते, कारण ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आता दूरच्या धोक्याकडे वळू. इथे भोर-वेल्ह्याचा दुसरा प्रश्न, म्हणजे रेंज आणि नेटपॅक, मध्ये येतो. कमी डेटात पान उघडून देतो म्हणून अलीबाबा कंपनीचा यूसी ब्राउझर 2016-17 च्या सुमारास भारतातल्या मोबाइलवर क्रोमच्याही पुढे होता. स्वस्त फोन आणि अडखळते नेट असलेल्या प्रत्येक तालुक्यात तो होता. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने मे 2015 मध्येच दाखवून दिले होते की वापरणाऱ्याने शोधलेले शब्द तो उघड्यावर पाठवतो. चिनी आवृत्तीत तर फोनची ओळख आणि माणसाचे ठिकाणही बाहेर जात होते. भारतात त्यावर बंदी आली 29 जून 2020 रोजी, गलवानच्या चकमकीनंतर, 59 अ‍ॅपांच्या यादीत. मधली पाच वर्षे तो जोरात चालला. बंदीचे कारण देशाची सुरक्षा हे होते, पण ज्या दोषासाठी तो सोडायला हवा होता तो कितीतरी आधी कागदावर आला होता. या गोष्टीचे इथे महत्त्व असे, की डेटा वाचवण्याची ती पद्धतच मध्यस्थावर उभी होती. पान आधी कंपनीच्या यंत्रावर जाणार, तिथे दाबून लहान होणार आणि मग आपल्याकडे येणार. म्हणजे आपण काय वाचतो ते कंपनीला कळल्याशिवाय बचत होणार नाही. ऑपेरा मिनीची जास्तीत जास्त बचतीची सोय याच रीतीने चालते. क्रोमची अशी सोय गूगलने 2022 मध्ये बंद केली.

मध्यस्थावाचून डेटा वाचवण्याची एक रीत आहे, आणि ती खासगीपणाचीही आहे: माग काढणारे तुकडे उतरवूच द्यायचे नाहीत. मराठी बातम्यांचे कुठलेही मोठे संकेतस्थळ घ्या. चार परिच्छेदांच्या बातमीभोवती आपोआप चालू होणारा व्हिडिओ, सरकत्या जाहिराती आणि मागे धावणारे डझनावारी तुकडे असतात. बातमीपेक्षा त्यांचेच वजन जास्त. ते अडवले की पान हलके होते, आणि माग काढणाऱ्यालाही आपोआप रस्ता बंद होतो. म्हणून या दोन तालुक्यांत गोपनीयतेचा ब्राउझर ही हौसेची गोष्ट आहे असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे सोपे जाते. नेटपॅक संपवणारा आणि पाळत ठेवणारा, दोघे एकच. मोबाइलवर हे कसे साधते यात ब्राउझरांत मोठा फरक आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, घालताच येत नाहीत. फायरफॉक्समध्ये येतात, आणि यूब्लॉक ओरिजिन हे मोफत एक्स्टेन्शन त्यात दोन मिनिटांत बसते. ब्रेव्हमध्ये अडवणूक आधीच चालू असते, काहीच बसवावे लागत नाही. संगणकावरच्या क्रोमने तर नव्या नियमांनुसार यूब्लॉक ओरिजिनची पूर्ण आवृत्ती 2024-25 मध्ये बाद केली.

असे का होते, हे कळायला पैशाकडे बघावे लागते. ब्राउझर फुकट मिळतो, म्हणजे त्याचे बिल दुसरे कोणीतरी भरत असते. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाले, की शोधपेटीत आधीपासून आपलेच नाव असावे यासाठी गूगलने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर वाटले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट 2024 मध्ये गूगलला मक्तेदार ठरवले. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, तरी भोरच्या दुकानात घेतलेल्या नव्या अँड्रॉइड फोनवर क्रोम आधीच बसलेला असतो. एवढी रक्कम मोजण्यामागचा हिशेब साधा आहे: जे आधी दिलेले असते ते माणसे बदलत नाहीत. म्हणून माझी कसोटीही तीच आहे. ब्राउझरच्या जाहिरातीत काय लिहिले आहे ते सोडा. हातात घेतल्यावर, एकही सेटिंग न बदलता, तो काय पाठवतो आणि काय अडवतो ते पाहा. अ‍ॅपलच्या सफारीने परक्या कुकी, म्हणजे उघडलेल्या पानाच्या मालकाच्या नसलेल्या, मार्च 2020 पासून सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने 2019 मध्ये ओळखीचे माग काढणारे अडवायला सुरुवात केली आणि 2022 मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवल्या. क्रोमने 2020 मध्ये दोन वर्षांत परक्या कुकी बंद करू म्हटले, तारीख पुढे ढकलत नेली आणि शेवटी बेत सोडून दिला. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल.

बाकीचेही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे सांगितले नाही तर ही प्रस्तावना एखाद्या ब्राउझरचे जाहिरातपत्रक होईल. फायरफॉक्स बनवणारी मोझिला ही ना-नफा संस्थेच्या मालकीची, पण तिचे बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येते. फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या अटी आणताना माहिती न विकण्याचे जुने वचन काढल्याबद्दल तिला बरीच बोलणी खावी लागली. ब्रेव्ह 2020 मध्ये वापरणाऱ्याने टाइप केलेल्या काही पत्त्यांना आपल्या दलालीचा कोड जोडताना सापडला आणि त्याने माफी मागितली. डकडकगोचा ब्राउझर 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टचे काही माग काढणारे तुकडे सोडून देत असल्याचे एका संशोधकाने दाखवले; काही महिन्यांत ते बंद झाले. या तिन्ही गोष्टी बाहेरच्या माणसांनी शोधल्या, हे महत्त्वाचे. ज्या ब्राउझरची तपासणी कोणी करू शकते आणि पकडला गेल्यावर जो सुधारतो, तो न पकडल्या गेलेल्यापेक्षा बरा. हाच निकष देशी ब्राउझरलाही लावावा. झोहो कंपनीचा उला हा ब्राउझर 2023 मध्ये आला आणि केंद्र सरकारच्या देशी ब्राउझर स्पर्धेत 2025 मध्ये पहिला आला. त्याचा गाभा मात्र गूगलच्या क्रोमियमचाच आहे, जसा ब्रेव्हचाही आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण कंपनी चेन्नईची आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही. यूसीबद्दल विचारला तोच प्रश्न उलालाही विचारायला हवा: काय पाठवतोस, कोणाला, आणि ते तपासायचे कसे?

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जुना: आमच्यापाशी लपवण्यासारखे आहे काय? गावात कोणाचे काय चालले आहे ते सगळ्यांना माहीतच असते. यातले दुसरे वाक्य खरे आहे, पण त्यातूनच उत्तर मिळते. गावात मला तुमचे कळते तसे तुम्हाला माझेही कळते. त्या ओळखीला दोन्ही बाजूंनी लगाम असतो. कंपनीला आपले सगळे कळते आणि आपल्याला तिचे काहीच कळत नाही. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. सचिव म्हणजे अष्टप्रधानांतला, राजपत्रे तपासणारा आणि हिशेबावर नजर ठेवणारा माणूस, आणि त्या अधिकारातून पुढे एक संस्थान उभे राहिले. दप्तर ज्याच्या हाती त्याचे वजन किती वाढते, हे निदान या तालुक्याला नव्याने सांगायला नको. शिवाय खासगीपणा हा गुन्हेगारांचा आडोसा नसून मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले आहे. (त्या निकालपत्रातला मोठा भाग न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. हे घराणे मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या कनेरसरचे. आणीबाणीतल्या ज्या निकालात त्यांच्या वडिलांचा सहभाग होता, तोही याच निकालपत्रात चुकीचा ठरवला गेला.)

दुसरा आक्षेप जास्त भक्कम आहे. फोनच गूगलचा असताना नुसता ब्राउझर बदलून काय होणार? काही अंशी हे कबूल करायलाच हवे. जून 2025 मध्ये संशोधकांनी दाखवले की अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची अ‍ॅपे फोनच्या आतल्याच एका चोरवाटेने ब्राउझरमधली हालचाल ऐकत होती आणि ती वापरणाऱ्याच्या खऱ्या खात्याशी जोडत होती. इन्कॉग्निटो खिडकीही त्यापुढे पांगळी होती. बोभाटा होताच या अ‍ॅपांच्या मालक कंपनीने, मेटाने, ते बंद केले. म्हणजे अ‍ॅप फोनवर ठेवायचे आणि ब्राउझरकडून सगळे संरक्षण मागायचे, हे चालणार नाही. पण याच प्रकरणाची दुसरी बाजू अशी, की ब्रेव्ह ही वाट आधीपासूनच अडवत होता. आपल्या हातात असलेले एक दार बंद केल्याने दुसरे उघडे राहते हे खरे, तरी पहिले बंद करण्यात तोटा नाही. फेसबुकमध्ये आलेली लिंक फेसबुकच्याच खिडकीत न उघडता बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडणे, ही एक सवयसुद्धा बरेच काम करते.

तिसरा आक्षेप केंद्रचालकांचा आणि तो व्यवहारी आहे: सरकारी संकेतस्थळे क्रोममध्येच धड चालतात, तिथे प्रयोग करून गिऱ्हाईक खोळंबवायचे का? नको. क्रोम सरकारी आणि बँकेच्या कामाला ठेवावा, तेवढ्यापुरताच उघडावा; बातम्या, शोध, व्हिडिओ, बाजारभाव यांसाठी दुसरा ब्राउझर वापरावा. दोन ब्राउझर ठेवण्याचा हा सल्ला अनेकांना गैरसोयीचा वाटतो, पण त्याने दोन्हींतली माहिती आपोआप वेगळी राहते, आणि एकही सेटिंग शिकावी लागत नाही. मात्र दोन्ही अद्ययावत हवेत. जुन्या यंत्रांचा प्रश्न इथे खरा आहे. विंडोज 7 साठी क्रोमचे नवे अपडेट 2023 च्या सुरुवातीला थांबले, आणि 2025 मध्ये अँड्रॉइड 8 व 9 चे फोनही त्याने सोडले. अपडेट न मिळणारा ब्राउझर खासगीपणाच्या कोणत्याही तुलनेत बसत नाही. त्यावर बँकेचे काम करू नये, इतके सरळ आहे.

एक गुंता मराठी वाचकाचा खास आहे, त्यावर थोडे थांबायला हवे. कुकी अडवली तरी ब्राउझर ओळखता येतो, कारण तो प्रत्येक संकेतस्थळाला आपली आवृत्ती, पडद्याचा आकार, फॉन्ट, भाषा अशा बारीकसारीक गोष्टी सांगत असतो. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2010 मध्ये जवळपास पावणेपाच लाख ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतले 83.6 टक्के अशा खुणांवरून एकमेवाद्वितीय निघाले. आता ज्याने ब्राउझरची भाषा मराठी ठेवली आहे, तो प्रत्येक पानाला 'मला मराठी हवी' असे कळवतो, आणि जगाच्या इंटरनेटवर असे कळवणारे थोडे. म्हणजे मराठी ठेवणारा गर्दीत उठून दिसतो. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर तर खासगीपणासाठी इंग्रजी पानेच मागू का, असे स्वतःहून विचारतो. यावर मराठी सोडा, असा सल्ला ही पुस्तिका देत नाही. जिला इंग्रजी येत नाही तिला सूचना न कळता 'परवानगी द्या' दाबावे लागले, तर त्यात तिचे जे नुकसान होते ते या खुणेच्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे आहे. सामान्य पाळतीपासून बचाव हवा असेल तर मराठीच ठेवा. ज्याला खरोखर ओळख लपवायची आहे, उदाहरणार्थ वाळूउपशाची बातमी देणाऱ्याला, त्याने तेवढ्या कामापुरते टॉर आणि इंग्रजी वापरावे. मराठी वापरणारे वाढतील तशी ही खूण बोथटही होईल.

'परवानगी द्या'वरून आठवले. सूचना पाठवू का, असे विचारणाऱ्या संकेतस्थळांना 'हो' म्हटल्याने किती फोन कर्जाच्या आणि जुगाराच्या सूचनांनी बुजून गेले आहेत, हे कोणत्याही मोबाइल दुरुस्तीवाल्याला विचारा. त्यासाठी ब्राउझर बदलायचीही गरज नाही. सूचनांची सेटिंग एकदा बंद करायची. पत्त्याच्या पट्टीकडे पाहायची सवयही तशीच. सप्टेंबर 2025 मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा शोधात सरकारी संकेतस्थळाच्या नावाखाली बनावट पाने वर येऊ लागली, आणि सावध राहा असे सांगावे लागले. अशा पानावर आधार क्रमांक आणि ओटीपी स्वतःच्या हाताने भरला, तर कुठलाही ब्राउझर वाचवू शकत नाही. सरकारी पत्ता बहुधा जीओव्ही डॉट इन यावर संपतो; तो एकदा तपासून बुकमार्क करावा आणि पुढे शोधातून न जाता तिथूनच उघडावा.

राहिले कायद्याचे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि माहिती गोळा करणाऱ्यावरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांपासून अठरा महिन्यांचा काळ आहे. म्हणजे 2027 चा मे महिना. माहिती नीट न राखल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. बाजारपेठेतल्या दोन संगणकांच्या केंद्रापर्यंत कायदा कसा पोचेल, हे तेव्हाच दिसेल. तोवर गिऱ्हाइकाने तीन गोष्टी मागायला हरकत नाही: काम पाहुण्याच्या खिडकीत करा, पासवर्ड जतन करू नका, आणि उठण्याआधी डाउनलोड फोल्डरमधली माझी फाईल माझ्यासमोर पुसा. पुस्तिकेचे पहिले प्रकरण म्हणूनच ब्राउझरच्या तुलनेचे न ठेवता केंद्रावरच्या संगणकाचे ठेवले आहे.